केस गळू लागले तर



आम्ही खेड्यातल्या शाळेत पुष्कळ वर्षे हेडमास्तर होतो. आता घरी असतो. शाळेत आम्ही मुलांना नेहमी सांगायचो, "कुणी काही सांगितलं, तर आधी कारण विचारा." पण आमच्याच घरात वेळ आली, तेव्हा आम्ही कारण विचारायला विसरलो. ती गोष्ट आधी सांगतो. मग केसांची माहिती सांगतो.

आमची धाकटी सून आषाढात बाळंत झाली. मुलगी झाली. घरात आनंद झाला. सूनबाईचे केस लांब, कमरेपर्यंत होते. दसऱ्याच्या सुमारास ते गळू लागले. फणी फिरवली की मूठभर केस हातात यायचे. उशीवर केस, न्हाणीत केस, अंगणात केस. पोर रडकुंडीला आली. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "दृष्ट लागली गं बाई! एवढे केस कुणाच्या तरी डोळ्यांत खुपले." आमच्या घरच्यांनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. आम्ही मनात हसलो. आम्हाला वाटले, आपण शिकलेले आहोत, आपण शहाणपणाचे काही करू.

आठवडी बाजारात एक गाडी येत असे. तिच्यावर कर्णा लावलेला असे. गाडीवाला ओरडत असे, "जंगलातल्या जडीबुटीचं तेल! आठ दिवसांत केस गळायचे थांबतील!" एका बाटलीचे ५०० रुपये. तीन बाटल्या घेतल्या तर १२०० रुपये. आम्ही तीन बाटल्या घेतल्या. शहाणपण ते हेच!

सूनबाईने रोज तेल लावले. केस गळतच राहिले. संक्रांतीच्या आधी एके सकाळी ती पाण्याची कळशी घेऊन येत होती. ओट्याजवळ तिला घेरी आली. कळशी एकीकडे पडली, ती एकीकडे पडली. तान्ही तेव्हा पाळण्यात होती, म्हणून बरे.

आम्ही तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. नखे पाहिली. रक्त तपासायला दिले. रक्तात हिमोग्लोबिन निघाले ८.२. बाईमाणसाच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, हिचे केस गळतात हे तुम्हाला दिसलं. पण ही पांढरीफटक पडली, जरा चाललं की धापा टाकते, हे कसं दिसलं नाही? बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांचं काय झालं?"

सूनबाई खाली मान घालून म्हणाली, "मळमळायचं. शौचाला काळं व्हायचं. म्हणून बंद केल्या. मामंजींना कसं सांगणार?"

आम्हाला काही बोलता येईना. १२०० रुपये गेले, त्याचे एवढे नाही. पण तीन महिने वाया गेले, त्याचे वाईट वाटते. आम्ही केसांकडे पाहत होतो. माणसाकडे पाहिलेच नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या. पुढे आम्ही स्वतःही वाचले. ते सारे आता तुम्हाला सांगतो.

केस वाढतात कसे?

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाचे मूळ कातडीच्या आत असते. जिवंत भाग तेवढाच. बाहेर दिसणारा केस जिवंत नसतो. म्हणून तर कापला तरी दुखत नाही. उपटला की मात्र दुखतो, कारण मुळापाशी जीव आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. असा तो काही वर्षे वाढत राहतो. मग वाढ थांबते. दोन-तीन महिने केस नुसता तसाच राहतो. नंतर तो गळतो आणि त्याच जागी नवा केस उगवतो. झाडाची जुनी पाने गळतात, नवी पालवी फुटते, तसेच हे आहे. फरक एवढाच, की डोक्यावरचे सगळे केस एकदम गळत नाहीत. बहुतेक केस वाढत असतात आणि थोडे गळत असतात.

म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे. ज्यांचे केस लांब, त्यांना ते जास्त वाटतात. त्याची भीती बाळगू नये.

एकदम खूप केस का गळतात?

शरीरावर मोठे संकट आले, की ते आधी जीव सांभाळते. केस ही त्या मानाने चैनीची गोष्ट. दुष्काळ पडला की शेतकरी आधी घरातल्या माणसांची आणि जनावरांची सोय पाहतो. अंगणातल्या फुलझाडांना पाणी घालत नाही. शरीरही तसेच करते. पुष्कळ केसांची वाढ एकदम थांबते. पण ते केस लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने थांबतात आणि मग एकदम गळू लागतात.

म्हणून केस गळू लागले की मागे वळून पाहावे. तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते? टायफॉइड झाला होता का? डेंग्यू? मोठे ऑपरेशन झाले होते का? घरात कुणी दगावले होते का? बाळंतपण झाले होते का? आमच्या सूनबाईचा हिशेब पाहा. आषाढात बाळंतपण, दसऱ्याला केसगळती. बरोबर तीन महिने. पोटात मूल असताना बाईचे केस कमी गळतात आणि दाट दिसतात. तेव्हा राहिलेले केस बाळंतपणानंतर गळतात. ही दृष्ट नव्हे, करणी नव्हे. पुष्कळ बायकांना असे होते. अशी केसगळती बहुधा सहा महिन्यांत थांबते आणि केस पुन्हा येतात.

तेलवाल्याचे इंगित

आता एक गंमत ध्यानात घ्या. केस गळू लागले की माणूस घाबरतो. बाटली विकत घेतो. चार-सहा महिने तेल लावतो. तोवर केस आपल्या क्रमानेच परत येतात. मग माणूस गावभर सांगतो, "त्या तेलानं गुण आला!" यश बाटलीला मिळते. तेल लावले नसते तरी केस आलेच असते.

मग तेलात काहीच नाही का? आहे. खोबरेल तेल थोडे केसाच्या आत मुरते. त्यामुळे धुताना केसाची झीज कमी होते. केस मऊ राहतो, लवकर तुटत नाही. पण तेल मुळाला अन्न पुरवत नाही. मुळाला अन्न रक्तातूनच मिळते. पिकाच्या पानांना तेल चोळून पीक येत नाही. जमिनीत खत-पाणी लागते. केसांचेही तेच आहे.

आणि खरा धोका पुढेच आहे. केस परत येवोत न येवोत, आतले दुखणे तेलाने बरे होत नाही. आमच्या सूनबाईचे केस बाळंतपणामुळे गळू लागले हे खरे. पण तिच्या अंगात रक्तही कमी होते. त्यामुळे केस थांबेनात. तेलाच्या भरवशावर बसून आम्ही ते दुखणे वाढू दिले.

रक्त कमी असणे

हे दुखणे आपल्याकडे फार आहे. सन २०१९ ते २०२१ मध्ये सरकारने देशभर घरोघरी पाहणी केली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना पांडुरोग निघाला. पांडुरोग म्हणजे रक्त कमी असणे.

त्याची खूण काय? पापणीचा आतला भाग लाल दिसत नाही. नखे, जीभ फिक्की दिसतात. चढ चढताना धाप लागते. छातीत धडधडते. घेरी येते. कामात मन लागत नाही. आणि केस गळतात. घरात म्हणतात, "ही आळशी झाली." ती आळशी नसते, तिच्या अंगात रक्त नसते.

यावर लोहाच्या गोळ्या आहेत. उपकेंद्रात त्या फुकट मिळतात. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस त्या घ्यायच्या असतात. गोळीने शौचाला काळे होते. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. तरी त्रास झाला तर नर्सबाईंना सांगावे, पण आपल्या मनाने बंद करू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले लागते. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते.

ताटात काय असावे?

केस प्रथिनांचा बनलेला असतो. प्रथिने डाळी, मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, मटण यांत असतात. नुसत्या भाकरी-ठेच्यावर केस कसे वाढतील? भाकरीबरोबर वाटीभर डाळ किंवा उसळ हवी. हिरवी पालेभाजी हवी. बाजरी, कडधान्ये, अळीव यांत लोह असते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. ती मोडू नका.

मात्र दुसरी एक रीत मोडायला हवी. सगळे जेवतात आणि उरलेले सून खाते. डाळ पातळ उरते, भाजी तळाशी राहते. आमच्याही घरी असेच चालत असे. आम्ही कधी पाहिले नाही. आता आमच्याकडे सगळे एकदम पंगतीला बसतात. पहिले आठ दिवस सौभाग्यवतींना अवघडल्यासारखे झाले. आता त्याच म्हणतात, "बरं झालं, सगळ्यांना गरम मिळतं."

डोक्याचे इतर रोग

*चाई.* डोक्यावर रुपयाएवढी जागा एकाएकी गुळगुळीत होते. खाज नाही, खपली नाही. लोक म्हणतात, किड्याने केस खाल्ले. तसे नसते. शरीरातली रोगाशी लढणारी शक्ती चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करते. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळदा केस आपोआप येतात. वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवावे. झोंबणारे लेप लावून कातडी भाजून घेऊ नये.

*नायटा.* हा मुलांना जास्त होतो. गोल चट्टा पडतो, खाज येते, खपल्या धरतात, केस तुटतात. हा मात्र दुसऱ्याला लागतो. फणी, टोपी, टॉवेल वेगळा ठेवावा. डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही. डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या देतात, त्या काही आठवडे पुऱ्या घ्याव्या लागतात.

*उवा.* उवा डोक्याला डोके लागून पसरतात. ही लाजेची गोष्ट नाही. ओल्या केसांतून बारीक फणी फिरवावी. दर तीन-चार दिवसांनी असे दोन-तीन आठवडे करावे. औषध लावले तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे, कारण लिखांतून नव्या उवा निघतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी पाहावीत. रॉकेल कधीही लावू नये. कातडी भाजते आणि चुलीजवळ गेले तर पेट घेते.

*जट.* केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, की ते गुंततात आणि त्यांची जट होते. काही जण म्हणतात, ही देवीची खूण. मग पोरीला तिला हात लावू देत नाहीत. जट जड होते, मान दुखते, आत उवा होतात, घाण वास येतो. जट कापली तर काही वाईट होत नाही. नवे केस मोकळे उगवतात आणि बाई मोकळी होते.

*टक्कल.* पुरुषांचे कपाळावरचे आणि टाळूवरचे केस हळूहळू विरळ होतात. हे बहुतेक घराण्यातून येते. काही औषधांनी काहींना थोडा गुण येतो, पण ती चालू ठेवावी लागतात. बंद केली की केस पुन्हा जातात. टक्कल हे दुखणे नव्हे. आमचे स्वतःचे टक्कल चाळिशीत पडले. त्याने आमचे काही अडले नाही. उन्हात मात्र टोपी घालावी.

थायरॉईड नावाची एक ग्रंथी गळ्यात असते. तिच्या बिघाडानेही केस गळतात. तेही रक्त तपासून कळते.

शेगाव तालुक्यात काय झाले?

२०२५ सालच्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले होते. नुसते ओढले तरी हातात येत. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. बाया, पुरुष, मुले, सगळ्यांना झाले. लोक फार घाबरले.

पण गावांनी हे लपवले नाही. आरोग्य खात्याला कळवले. डॉक्टर आले, पुढे दिल्लीहूनही तज्ज्ञ आले. पाणी तपासले, रक्त तपासले, केस तपासले. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या उपचारासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांनीही तिथे जाऊन शोध घेतला. रोग्यांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम नावाचे द्रव्य फार आढळले आणि ते खाण्यातल्या गव्हातून आले असावे, असे त्यांनी मांडले. नंतर बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले.

यातून दोन धडे घ्यावे. एक, पुष्कळांना एकदम त्रास झाला तर लगेच आरोग्य खात्याला कळवावे. दुसरा धडा असा, की सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते, पण फार झाले की तेच केस घालवते. तेव्हा केसांसाठी म्हणून ताकदीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. कमी वाईट, तसे जास्तही वाईट.

रोजची निगा

केस आठवड्यातून एक-दोनदा धुवावेत. घाम, धूळ फार असेल तर जास्त वेळा धुवावेत. शिकेकाई, रिठा किंवा साधा शाम्पू चालतो. कपड्याचा साबण किंवा सोडा लावू नये. फार कढत पाणी घेऊ नये. धुतलेले केस खसाखसा पुसू नयेत. ओल्या केसांतून जोराने फणी ओढू नये. कोंडा झाला असेल तर तेल थापू नये, त्याने कोंडा वाढतो.

मुलींच्या वेण्या फार घट्ट घालू नयेत. रोज ओढ बसली की कपाळाजवळचे केस मागे हटत जातात. वर्षानुवर्षे तसे झाले तर तिथे केस येत नाहीत.

काळी मेंदी म्हणून मिळते, ती बहुधा नुसती मेंदी नसते. त्यात रसायन असते. काहींचे डोके, डोळे सुजतात. लावण्याआधी दोन दिवस कानामागे थोडी लावून पाहावी. खाज आली तर लावू नये.

जावळ काढल्याने केस दाट होत नाहीत. केस वस्तऱ्याने कापला जातो, मूळ तसेच राहते. रीत म्हणून जावळ काढा, दाट केसांसाठी नको.

शेवटी काय झाले?

सूनबाईने गोळ्या नेमाने घेतल्या. आता ती सगळ्यांबरोबर जेवते. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. ११.६ निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडे दिवस गोळ्या चालू ठेवा." एके दिवशी ती आरशासमोर बसली होती. सौभाग्यवतींनी हाक मारली, "हे पाहा." आम्ही पाहिले. कपाळाच्या कडेने बारीक बारीक केस उभे राहिले होते. पाऊस पडल्यावर बांधावर कोवळे गवत उगवते तसे.

तेलाची तिसरी बाटली आम्ही फोडली नाही. ती फळीवर ठेवली आहे. कुणी विचारले, की ही गोष्ट सांगतो.

लक्षात ठेवा

१. रोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे.
२. खूप केस गळू लागले तर तीन महिन्यांपूर्वी काय झाले ते आठवा.
३. फिक्के दिसणे, धाप, घेरी असेल तर रक्त तपासून घ्या.
४. लोहाच्या गोळ्या पुऱ्या घ्या. वर चहा पिऊ नका.
५. भाकरीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी खा. बायकांनी शेवटी जेवू नये.
६. गुळगुळीत चट्टा, खपली, खाज दिसली तर दवाखान्यात दाखवा.
७. केसांआधी माणसाकडे पाहा.

आपसांत बोला

१. आपल्या गावात लोहाच्या गोळ्या कुठे मिळतात? कोण देते?
२. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? तिच्या ताटात काय उरते?
३. केसांच्या औषधावर कुणी किती पैसे घातले? गुण आला का? तो कशाने आला असेल?